काचेतला चेहरा आणि अनेक जगे

संध्याकाळी जळगावहून पहूरकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसा. बाहेर अंधार पडून गाडीत दिवे लागले की काचेत आपलाच चेहरा दिसू लागतो. पहूरच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाही तोच चेहरा काचेपलीकडून दिसतो. काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशाच्या १०० कणांपैकी सुमारे ९२ पार जातात, ८ परततात. पण प्रकाशकणाचे तुकडे होत नाहीत. मग एकच कण आला तर तो कोठे जाईल? पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, एवढेच सांगते की परतण्याची संभाव्यता शंभरात ८.

अमेरिकेच्या ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली निराळेच मत मांडले. दोन्ही गोष्टी घडतात, पण वेगवेगळ्या जगांत! जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा नायक मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन येतो. एव्हरेटच्या जगांत मात्र असे जाणे-येणे नाही.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, ‘गुरुजी, दोन्ही घडणारच, तर संभाव्यता कसली? आणि जगे दोन, तर निम्मे-निम्मे का नाही?’ शंका अगदी रास्त आहे.

समजा, कण कोठे गेला हे यंत्राने नोंदले, पण तुम्ही नोंद वाचलेली नाही. आता दोन जगांत दोन ‘तुम्ही’ आहात, आणि आपण कोणत्या जगात आहोत हे दोघांनाही ठाऊक नाही. संभाव्यता उरते ती या अज्ञानात.

आता ८ चा आकडा. प्रत्येक शाखेला एक ‘आयाम’ असतो. तो काटकोन त्रिकोणाच्या बाजूसारखा समजा. एका शाखेच्या उपशाखा झाल्या तर त्यांच्या आयामांच्या वर्गांची बेरीज मूळ वर्गाइतकीच राहते. आपला पायथागोरसचा सिद्धांतच तो! येथे वर्ग आहेत ०.०८ आणि ०.९२. पुढे आणखी प्रयोग करून परतलेल्या शाखेच्या २ व पार गेलेल्या शाखेच्या २३ सारख्या उपशाखा केल्या, तर प्रत्येकीचा वर्ग ०.०४. एकूण २५ शाखा, सर्व समान. एकीला झुकते माप देण्यास कारण नाही. म्हणून परतण्याची संभाव्यता २५ त २, म्हणजेच शंभरात ८!

नुसती जगे मोजली असती, तर मागाहून केलेल्या प्रयोगाने आधीची संभाव्यता बदलली असती. ते कसे चालेल?

डेव्हिड डॉइच यांनी १९९९ साली वेगळ्या वाटेने हाच नियम काढला. मात्र समान आयाम म्हणजे समान संभाव्यता, हे तुम्ही आधीच गृहीत धरता, असे टीकाकार म्हणतात. प्रस्तुत लेखकाला या आक्षेपात तथ्य वाटते. वाद अजून मिटलेला नाही.