तीन महिन्यांनी उत्तर येणाऱ्या गप्पा

डोनाल्ड वोलहाइम आणि जॉन मिशेल या न्यूयॉर्कमधल्या तरुण विज्ञानकथाप्रेमींनी 1937 साली ‘फॅन्टसी ॲमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ काढली. सभासद तिला ‘फापा’ म्हणत. हौशी मुद्रकांच्या अशा मंडळ्या अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होत्या. या दोघांनी त्यांचीच रीत उचलली. प्रत्येक सभासदाने आपला छोटासा अंक स्वतः लिहायचा, स्वतःच छापायचा आणि जितके सभासद तितक्या प्रती एका संपादकाकडे धाडायच्या. मजकूर निवडणे किंवा सुधारणे हे या संपादकाचे काम नव्हते. आलेल्या प्रतींचे गठ्ठे बांधायचे आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला एकेक गठ्ठा टपालाने पाठवायचा, एवढेच त्याच्याकडे असे. वर्षाला किमान आठ पाने दिली की सभासदत्व टिकत असे. सभासदसंख्येला पुढे 65 ची मर्यादा पडली आणि बाहेर ताटकळणाऱ्यांची यादी इतकी लांबली की एके काळी आत शिरायला वर्षानुवर्षे लागत.

एवढी खटपट विज्ञानकथांच्या चर्चेसाठी होत असेल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात या गठ्ठ्यांत विज्ञानकथा बहुतेक वेळा तोंडी लावण्यापुरतीच असे. आरंभीच्या वर्षांत राजकारणावरून कडाक्याची भांडणे झाली, कारण चाहत्यांनी साम्यवादी चळवळीच्या बाजूने उभे राहावे असा मिशेलचा आग्रह होता. पण गठ्ठ्यांना खरा रंग चढला तो नोकरी, घर, सैन्यातली भरती, जॅझच्या ध्वनिमुद्रिका, आजारपण अशा इकडच्या तिकडच्या गोष्टींनी. मागच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक अंकावर चार-दोन ओळींत आपले म्हणणे टिपायची पद्धत जॅक स्पीअर या सभासदाने रुजवली आणि हळूहळू अनेक अंकांचा मोठा भाग अशा टिपणांनीच भरू लागला. म्हणजे कोणी काही विचारले तर उत्तर तीन महिन्यांनी यायचे, आणि त्यावरचे प्रत्युत्तर सहा महिन्यांनी. ही ख्यालीखुशाली विचारण्यासाठी माणसे मेणकागदी स्टेन्सिलवर टंकलेखन करीत, सायक्लोस्टाइलचे हँडल फिरवीत बसत, कागद-शाई-तिकिटांचा खर्च सोशीत. ज्या बोलण्यासाठी लोक इतकी मेहनत घेतात आणि इतकी वाट पाहतात, त्याला फावल्या वेळची बडबड म्हणणे मला पटत नाही. चाहत्यांच्या समूहात किरकोळ गप्पा हाच मुख्य व्यवहार असतो. आवडता विषय माणसांची पहिली गाठ घालून देतो आणि बाजूला होतो.

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की यांनी ट्रोब्रिएंड बेटांवरच्या आपल्या अभ्यासाच्या आधारे 1923 मध्ये असेच काही मांडले होते. माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसते, नुसते बोलण्यानेच त्यांच्यात नाते जुळते, हा त्यांचा मुद्दा. फापाचे गठ्ठे त्याचा लेखी पुरावा आहेत. हॅरी वॉर्नर हे मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउन या गावचे वार्ताहर. संमेलनांना ते फारसे जात नसत. चाहते त्यांना हेगर्सटाउनचा एकांतवासी म्हणत. पण 1939 मध्ये सुरू केलेला ‘होरायझन्स’ हा अंक त्यांनी आयुष्यभर चालवला आणि दुसऱ्यांच्या हौशी अंकांना इतकी पत्रे लिहिली की वॉर्नरचे पत्र आले म्हणजे आपला अंक पोचला, असे नव्या संपादकांना वाटे. 2003 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना हौशी लेखनाचा ह्यूगो पुरस्कार दोनदा मिळाला, आणि या चाहत्यांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. घरात बसून राहिलेल्या माणसाकडे साऱ्या गोतावळ्याची खबर होती, ती या पत्रव्यवहारातूनच. आयर्लंड बेटावरच्या बेलफास्टमध्ये वॉल्ट विलिस यांनी तर गप्पांना छापील रूपच दिले. त्यांच्या ‘हायफन’ अंकाच्या मागच्या मुखपृष्ठावर मित्रांच्या बोलण्यातली आणि पत्रांतली सुटी वाक्ये मागचापुढचा संदर्भ न देता छापलेली असत. याच विलिसना 1952 च्या शिकागो संमेलनाला येता यावे म्हणून चाहत्यांनी वर्गणी जमवली. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते. त्यातूनच पुढच्या वर्षी अटलांटिकच्या एका काठावरच्या चाहत्याला दुसऱ्या काठावर नेणारा कायमचा निधी उभा राहिला. समीक्षालेख वाचून कोणी कोणाच्या बोटीचे भाडे भरत नाही. विलिस आपले वाटले म्हणून लोकांनी खिशात हात घातला.

गप्पांचा पूर आला की गंभीर काम वाहून जाते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इतिहास मात्र उलट सांगतो. व्हॅन व्होग्ट या तेव्हाच्या नामांकित लेखकावर डेमन नाइट यांनी 1945 मध्ये केलेली झणझणीत टीका अशाच एका हौशी अंकात आली. जेम्स ब्लिश यांनी विल्यम अथेलिंग या टोपणनावाने हौशी अंकांतून केलेल्या परीक्षणांचे 1964 मध्ये पुस्तक झाले. व्यावसायिक मासिकाला न परवडणारी परखड वाक्ये इथे छापता आली, कारण वाचणारे एकमेकांना ओळखत होते. ज्या मंडळीत रोजचे बोलणे आहे तिथे मतभेदही सोसतात. तेव्हा गप्पा आणि समीक्षा यांना एकमेकींच्या वैरिणी ठरवणे चूक आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि त्याला इतके सरळ उत्तर नाही. घरोबा वाढला की डोळ्यांवर पट्टी येते. वॉल्टर ब्रीन या चाहत्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते. 1964 मध्ये ओकलंडच्या जागतिक संमेलनाने त्याला बंदी केली आणि फापाच्या काही सभासदांनी त्याचा प्रवेश रोखला. पण इतर अनेक सभासद त्याच्या बाजूने उभे राहिले आणि प्रवेशावरची हरकत उलटवली गेली. पुढे त्याच प्रकारच्या गुन्ह्यांत तो दोषी ठरला आणि 1993 मध्ये तुरुंगातच वारला. त्याचा बचाव करणारे बहुतेक त्याला पत्रांतून, अंकांतून, घरच्या गप्पांतून ओळखत होते, आणि त्या ओळखीलाच त्यांनी चारित्र्याचा दाखला मानले. गप्पांनी आपुलकी मिळते. न्याय करायची ताकद त्यांच्यात नाही. मुलांची सुरक्षितता मंडळीच्या मैत्रीवर सोपवली गेली, हा त्या लोकांचा अक्षम्य दोष होता. त्यावर इलाज गप्पा थांबवणे हा नव्हे. तक्रार ऐकणारी, ओळखीपाळखीपलीकडची वेगळी व्यवस्था हवी, आणि ती आधीपासून लेखी हवी.

आता सायक्लोस्टाइल गेले आणि उत्तर तीन महिन्यांऐवजी तीन सेकंदांत येते. किल्ल्यांवर भटकणाऱ्यांचे, नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांचे, क्रिकेटवेड्यांचे समूह मराठीत आता फोनवर चालतात, आणि बहुतेक ठिकाणी पहिला नियम असतो ‘विषयाला धरून बोला’. असा समूह सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. किल्ल्याच्या समूहात कोणी मुलीच्या दहावीच्या निकालाचे लिहिले, कोणी पाऊस पडल्याचे कळवले, तर ते पुसून टाकू नका. हवे तर त्याला वेगळी जागा द्या. तक्रार कोणाकडे करायची हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून सर्वांना दाखवा.