मे महिन्याचे पैसे

एप्रिलचा तिसरा आठवडा आला की डोंबिवलीतल्या पाळणाघरवाल्या काकूंच्या फोनवर एक निरोप हमखास येतो. ‘काकू, मे महिनाभर आम्ही गावी आहोत, पिल्लू येणार नाही. मग मेचे पैसे द्यायचे नाहीत ना?’ आणि पुढे जोडलेले दोन हात. काकू निरोप वाचतात, कुकरची तिसरी शिट्टी ऐकून गॅस बंद करतात आणि ‘बरं’ असं लिहून मोकळ्या होतात. हे ‘बरं’ त्यांना केवढ्याला पडतं, याचा हिशोब त्यांनी कधी कागदावर मांडलेला नसतो.

आपल्या घरांमध्ये महिन्याचे पैसे देण्याच्या दोन रीती आहेत. एक दूधवाल्याची. कॅलेंडरवर खाडे मांडायचे आणि महिनाअखेरीला ते वजा करून पैसे द्यायचे. दुसरी रेल्वेच्या पासाची. महिन्यात तुम्ही चार दिवस तापाने घरी पडलात म्हणून रेल्वे चार दिवसांचे पैसे परत करत नाही, आणि तसे मागायला खिडकीवर कुणी जातही नाही. पाळणाघराचा सगळा घोळ असा की आईबाप त्याचा हिशोब दुधासारखा करतात आणि काकूंचा खर्च मात्र पासासारखा असतो. दूधवाल्याने न घातलेलं लिटरभर दूध शेजारच्या घरी जातं. मे महिन्यात रिकाम्या राहिलेल्या जागेवर काकू दुसरं मूल घेऊ शकत नाहीत, कारण जूनच्या पहिल्या सोमवारी पिल्लू दारात हजर असतं आणि त्याची जागा तिथे असलीच पाहिजे, ही आईची अपेक्षा असते. ती अपेक्षा रास्तच आहे. फक्त तिचे पैसे कुणी मोजत नाही.

आकडे मांडून पाहू. हे कुणा एकीचे नाहीत, गणितापुरते धरलेले आहेत. दोन खोल्यांच्या घरात सहा मुलं, फी महिना साडेचार हजार. मदतीच्या बाईंचा पगार, मुलांचा शिधा आणि फळं, गॅस, दिवसभर फिरणारे पंखे, फिनेल, साबण, फुटलेल्या बादल्या, खडूचे डबे, वर्षाकाठी भिंतींना रंग, असं सगळं मिळून महिन्याला अठरा हजार. वर्षाचे झाले दोन लाख सोळा हजार. आता प्रत्येक मुलाचा एक मे महिना बिनपैशाचा आणि कुणी मधूनच सोडून गेल्यामुळे वर्षात सरासरी आणखी एक महिना जागा रिकामी, असं धरलं तर पैसे मिळतात दहाच महिन्यांचे. सहा गुणिले दहा गुणिले साडेचार हजार, म्हणजे दोन लाख सत्तर हजार. खर्च वजा जाता काकूंच्या हातात उरले चोपन्न हजार. महिन्याला साडेचार हजार. म्हणजे जवळजवळ पाच मुलं खर्चासाठी आणि सहावं मूल काकूंसाठी. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात, महिन्याचे चोवीस दिवस, असे तास मोजले तर होतात २६४. तासाला सतरा रुपये.

आता हेच पैसे बाराही महिने आले असते तर? तीन लाख चोवीस हजार वजा दोन लाख सोळा हजार, म्हणजे एक लाख आठ हजार. बरोबर दुप्पट. फीमध्ये एक रुपयाही न वाढवता. मूल नसतं तेव्हा शिधा वाचतो, हे कबूल, त्यामुळे फरक प्रत्यक्षात थोडा कमी पडेल. पण बाईंचा पगार, घराचा खर्च आणि काकूंचं स्वतःचं पोट मे महिन्यात गावी जात नाही. त्या ‘बरं’मध्ये आणि मधूनच रिकाम्या पडलेल्या जागांमध्ये मिळून जवळजवळ अर्धी कमाई वाहून जाते. फी ठरवणं म्हणजे ‘महिना किती घेता?’ या प्रश्नाचं उत्तर असं आपण समजतो. किती महिने घेता, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

काकू ‘बरं’ का म्हणतात? एक कारण उघड आहे. त्यांची स्पर्धा समोरच्या गल्लीतल्या काचेच्या दाराच्या, भिंतीवर जिराफ रंगवलेल्या डे-केअरशी नसतेच. ती असते साताऱ्याहून येऊ शकणाऱ्या आजीशी, आणि आजीचा दर शून्य आहे. दुसरं कारण अधिक खोल आहे. ‘तुम्ही घरीच तर असता’ हे वाक्य बाहेरचे म्हणतात त्याआधी घरातले म्हणून चुकलेले असतात आणि हळूहळू ते काकूंनाही पटलेलं असतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७, असं त्यात दिसलं. मुलाबाळांची, म्हाताऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ त्याखेरीज. जी गोष्ट तीस वर्षं फुकट केली तिचे एकतिसाव्या वर्षी पैसे सांगताना जीभ अडखळणारच. मग काकू दर कसा ठरवतात? पलीकडच्या इमारतीतल्या बाई चार हजार घेतात ना, मग आपण साडेचार. आणि त्या बाईंनी चार कसे ठरवले? त्यांच्या आधीच्या बाई साडेतीन घेत होत्या.

दर शेजाऱ्याकडे पाहून ठरवण्यापेक्षा स्वतःच्या हातांकडे पाहून ठरवावा, असं मला वाटतं. एका बाईच्या दोन हातांत, एका कडेवर आणि एका नजरेत एका वेळी किती मुलं मावतात? इंग्लंडमध्ये याचं उत्तर नियमातच दिलेलं आहे. घरी मुलं सांभाळणाऱ्यांना तिथे चाइल्डमाइंडर म्हणतात. त्यांना ऑफस्टेड या सरकारी तपासणी यंत्रणेकडे किंवा मान्यताप्राप्त एजन्सीकडे नोंदणी करावी लागते. एकटी चाइल्डमाइंडर आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं घेऊ शकते, त्यातली लहान वयाची साधारणपणे तीनच, आणि वर्षाच्या आतलं बाळ एकच. काही अपवाद आहेत, पण चौकट ही. त्या आकड्यात तिची स्वतःची मुलंही धरतात. त्यामुळे फी ठरवताना तिला आधी भाजक ठाऊक असतो. मला वर्षाला एवढे लागतात, जागा एवढ्याच आहेत, तर भागिले किती. आपल्याकडे उलटं होतं. फी आधी ठरते, मग त्यात भागत नाही म्हणून सातवं मूल घेतलं जातं, मग आठवं, आणि दुपारी झोपवायच्या वेळी चटया स्वयंपाकघरापर्यंत पोचतात. कमी फीची खरी किंमत त्या आठव्या चटईवरचं मूल मोजतं. फी वाढली म्हणून कुरकुरणाऱ्या आईबापांना ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, आणि ती काकूंनीच सांगायला हवी.

त्या नियमात वर्षाच्या आतल्या बाळाचा वेगळा आकडा आहे, तो उगाच नाही. आपल्याकडे अजूनही बाळाची फी कमी सांगतात. ‘एवढंसं तर आहे, झोपूनच असतं.’ ज्यांनी तान्हं मूल सांभाळलंय त्यांनी या वाक्यावर हसावं की रडावं? प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ही पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली. त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात, म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ कधी सहा महिन्यांचं असतं, कधी जेमतेम चारचं. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं. पण दुकानात, दवाखान्यात, क्लासच्या कचेरीत काम करणाऱ्या बाईच्या इथे पन्नास माणसं कुठली? तिचं बाळ काकूंकडेच येतं. त्याला दर दोन तासांनी भरवायचं, ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, आणि ते रांगायला लागलं की घरातली प्रत्येक खुर्ची हा धोका. असं बाळ दोन मुलांची जागा घेतं. म्हणून त्याची फी मोठ्या मुलाच्या दीडपट-दुप्पट असणं हा लोभ नव्हे, साधा भागाकार आहे. भावंडांना सवलत द्यायची पद्धत आहे, तिचंही तसंच. दुसरं भावंड हाताला काही अर्धं लागत नाही. प्रेमापोटी दोन-चारशे सोडायचे तर सोडावेत, पण ते प्रेमाच्या खात्यात लिहावेत.

मग येतो उशीर. सव्वासातला येणारी आई आठला येते, कारण डोंबिवलीच्या अलीकडे गाडी पाऊण तास उभी होती. उशिराचे पैसे लावावेत का? यावर एक गंमतीदार प्रयोग झालेला आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं वीस आठवडे पाहिली. त्यांतल्या सहा ठिकाणी, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर छोटासा दंड लावला. उशीर कमी होईल असं कुणालाही वाटेल. झालं उलट. उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीसारखे कमी झाले नाहीत. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हापासून तो अर्थशास्त्राच्या वर्गांत सांगितला जातो. आधी आईबापांना ताईंना ताटकळत ठेवल्याची शरम वाटत होती. दंड आल्यावर त्यांना वाटलं, आपण वेळ विकत घेतोय.

यातून ‘उशिराचे पैसे घेऊच नयेत’ असा अर्थ काढणारे आहेत. मला तो पटत नाही. मध्य रेल्वेच्या उशिरात आईची शरम काय करणार? ती आधीच दारात उभी राहून, ओढणीने घाम पुसत, तीन वेळा सॉरी म्हणत असते. उपाय वेगळा आहे. पाळणाघराची वेळच आठपर्यंत धरावी आणि फी त्या वेळेची सांगावी. ज्यांना साडेसहालाच न्यायचंय त्यांना थोडी कमी. आठनंतरचे पैसे मात्र असे सांगावेत की ते विकत घ्यावेसे कुणाला वाटू नयेत. आणि ज्या दिवशी मुंबई तुंबते त्या दिवशी ते अजिबात घेऊ नयेत. त्या रात्री मुलाला खिचडी भरवून आपल्या नातवाशेजारी झोपवणाऱ्या काकू मी पाहिल्यात. त्याचा दर कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही, लिहूही नये. पण त्या एका रात्रीची माया दाखवून वर्षभराची फी पाडून मागणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी बाकीच्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात.

कागद एक पानाचा पुरतो. वेळ काय, जेवण फीत धरलंय की डबा आणायचा, पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत आणि आगाऊ, एका महिन्याची अनामत, सोडायचं तर एक महिना आधी सांगायचं. काकू स्वतः वर्षात किती दिवस सुट्टी घेणार, तेही त्यावर हवं. गणपतीचे, दिवाळीचे दिवस, आणि आजारपणाचे चार-पाच. त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. नोकरदार आईला स्वतःच्या पगारी रजेचं अप्रूप वाटत नाही, मग काकूंच्या रजेचं का वाटावं? वाढ दरवर्षी जूनमध्ये, आणि ती एप्रिलमध्येच सांगायची. एप्रिल-मे हे अनेक कचेऱ्यांत पगारवाढीचे महिने असतात, ऐकणारे कान तेव्हा जरा मऊ असतात. तीन वर्षं गप्प बसून चौथ्या वर्षी एकदम हजार वाढवले की भांडण होतं. दरवर्षी तीनशे वाढले तर फक्त उसासा येतो. पैसे खात्यावर घ्यावेत. त्याची भीती बाळगणाऱ्या बऱ्याच जणी असतात, पण एवढ्या उलाढालीवर जीएसटीचा प्रश्न येत नाही, सेवांसाठी त्याची मर्यादा वर्षाला वीस लाख आहे. उलट बँकेत दिसणारी कमाई उद्या कर्ज मागताना कामाला येते.

आणि मे महिना? पूर्ण पैसे घ्या, असं मी सहजासहजी म्हणणार नाही. शिधा वाचतो, दगदगही कमी असते. इंग्लंडमधल्या अनेक चाइल्डमाइंडर मूल मोठ्या सुट्टीत येणार नसलं तरी करारात जागा राखण्याची रक्कम धरतात, बहुतेकदा नेहमीच्या फीचा काही हिस्सा. शाळेत नेणारे आपले रिक्षावाले काकाही कुठे पूर्ण, कुठे अर्धा मे घेतात, आणि त्यावर आता फारसं कुणी वाद घालत नाही. रिक्षेतल्या जागेचे अर्धे पैसे आपल्याला समजतात. घरातल्या जागेचे समजायला थोडा वेळ लागेल.

आमच्या माहितीतल्या एका काकूंनी यंदा धीर केला. एप्रिलमध्ये नेहमीचा निरोप आला तेव्हा ‘बरं’ न लिहिता त्यांनी हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला. मे महिन्याची अर्धी फी, जागा राखल्याबद्दल. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे अर्धा तास काहीच नाही. त्या अर्ध्या तासात काकूंनी दोनदा फोन उलटा ठेवला, एकदा पोळी करपवली. मग फोनच आला.

‘काकू, पाहिलं मी. ठीक आहे, पाठवते. पण मग आम्ही पंचवीसला परत येतोय, शेवटचे चार दिवस आणलं पिल्लूला तर चालेल ना?’

‘अगं, चालेल की,’ काकू म्हणाल्या. ‘जागा त्याचीच आहे.’