पट्टाकरवतीची सुरक्षित देखभाल व स्वच्छता : एक विवेचन

प्रस्तावना :
लाकडाच्या वखारीत व सुतारकामाच्या कारखान्यात ‘बँडसॉ’ या नावाने परिचित असलेली पट्टाकरवत म्हणजे दोन चाकांवरून अखंड फिरणारे दातेरी पोलादी पाते होय. हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये कल्पिले गेले. परंतु पात्याचा सांधा टिकत नसल्याने ते दीर्घकाळ व्यवहारात आले नाही. आजही पाते तुटण्याचा धोका सांध्याशी विशेष असतो. मात्र या यंत्राची देखभाल करताना सर्वाधिक सावधगिरी कोठे बाळगावी, याचा विचार क्वचितच केला जातो.

धोक्याचे स्वरूप :
लाकूड कापताना पात्याचा थोडाच भाग उघडा असतो. स्वच्छतेसाठी झाकणे उघडली, की संपूर्ण पाते व दोन्ही चाके हाताच्या टप्प्यात येतात. शिवाय बटण बंद केल्यावरही जड चाके गतीच्या जोरावर काही काळ फिरत राहतात. अशा वेळी भुसा हाताने काढणे किंवा लाकडाचा तुकडा लावून चाक थांबविणे घातक ठरते. म्हणून मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याजवळच ठेवावी आणि चाके पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडावे.

स्वच्छता :
चाकांच्या रबरी धावांवर भुसा साचल्यास पाते मार्गावरून सरकते, तर पात्यावर राळ चिकटल्यास घर्षण वाढून ते तापते. भुसा ब्रशने सोडवून शोषक यंत्राने ओढून घ्यावा. दाबाच्या हवेने तो उडविल्यास सूक्ष्म धूळ श्वासावाटे शरीरात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात लाकडाची धूळ मानवात कर्करोग उत्पन्न करणारी ठरविली आहे. त्यामुळे योग्य मुखपट्टी आवश्यक होय. मोटारीभोवतीचा भुसा आगीस कारण ठरू शकतो. तोही नियमित काढावा.

तपासणी व पाते बदलणे :
पाते काढण्यापूर्वी त्यावरील ताण सैल करावा. गुंडाळलेले पाते एकाएकी उसळते. म्हणून ते हाताळताना जाड हातमोजे व चष्मा वापरावा. दातांच्या मुळाशी तडा दिसल्यास अथवा सांधा कमकुवत वाटल्यास ते पाते वापरू नये. नवे पाते बसवून, ताण देऊन चाक हाताने फिरवावे व पाते मार्गावर राहते याची खात्री करावी. त्यानंतर मार्गदर्शक जुळवून झाकणे बंद करावीत. यंत्र सुरू करण्यापूर्वी हातमोजे मात्र काढावेत, कारण ते पात्यात अडकून हात ओढला जाऊ शकतो.

निष्कर्ष :
वरील सर्व उपाय अल्पखर्चाचे आहेत. त्यांस लागतो तो वेळ. कामाची मजुरी नगावर ठरते तेथे यंत्र थांबविणे कामगारास तोट्याचे वाटते आणि चालू यंत्रातच हात घालण्याचा मोह होतो. म्हणून स्वच्छतेचा वेळ हा कामाचाच वेळ मानून त्याची मजुरी देणे, ही सुरक्षित देखभालीची पहिली अट होय.