फ्रायडे नाइट? खुर्च्या मांडतोय!

‘बॉस, आजचा काय प्लॅन?’ शुक्रवारी चार वाजले की ऑफिसात हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं. खुर्च्या मांडायच्यात!

दोन वर्षांपूर्वी हे प्लॅन मीच ठरवायचो. आधी टीमबरोबर बीअर, मग घरी एकट्यानं क्वार्टर, मग सोमवारी सिक लीव्ह. शेवटी बाबांनी डॉक्टरांकडे नेलं. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून डीटॉक्स त्यांच्या देखरेखीखालीच झालं.

दारू सुटली, पण संध्याकाळ खायला उठायची. म्हणून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागलो. मागच्या रांगेत गप्प बसायचो. तिसऱ्या शुक्रवारी एका काकांनी हातात हॉलची किल्ली ठेवली. ‘पुढच्या वेळी लवकर ये. खुर्च्या आणि चहाचं तू बघ.’

घरी तेव्हा माझं एटीएम कार्डसुद्धा आईकडे असायचं. आणि इथे किल्ली! दांडी मारायची सोयच राहिली नाही.

नंतर कळलं, ही चळवळ सुरू झाली तीच अशी. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात गेला होता. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत उभा, आणि समोर बार. त्यानं ग्लासाऐवजी फोन उचलला आणि आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधला. तो भेटला डॉ. बॉब स्मिथ. दुसऱ्याला मदत करताना त्या दिवशी स्वतः बिल वाचला.

मी काही संत झालेलो नाही. चौदा महिने झाले, तरी पगाराच्या दिवशी जीभ वळवळतेच. पण वीस कप विसळताना तो अर्धा तास निघून जातो. तुम्हीही ब्रेकअप, लेऑफ, आजारपण अशा कशातून सावरत असाल, तर ‘आधी पूर्ण बरा होतो, मग बघू’ म्हणत थांबू नका.

गेल्या शुक्रवारी एक नवा मुलगा आला. हात थरथरत होते. मी त्याचा कप अर्धाच भरला, म्हणजे सांडायला नको. पहिल्या दिवशी काकांनी माझाही अर्धाच भरला होता. तेव्हा वाटलं होतं, काका कंजूष आहेत!