बडोद्यात बसून आदिवासी बाळंतपणाबद्दल

गैरसमज : आदिवासी बायकांना दवाखाना नकोच असतो. त्यांचा भरवसा भुवा (मांत्रिक) आणि दाईवर.

वस्तुस्थिती : शहरात हे फार सहज बोलले जाते. १५ ऑगस्ट २०१३ला छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला, तोवर कवांटचे डोंगरही बडोदा जिल्ह्यातच होते. पण तिथून बडोद्याचे सयाजी रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर. तिथल्या राठवा आदिवासींची घरे आपापल्या शेतात विखुरलेली. गाडी येते ती रस्त्यापर्यंत, तिथवर बाईला उचलूनच आणावे लागते. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. मातामृत्यूमागे तीन प्रकारचे उशीर असतात, अशी मांडणी थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये केली : ठरवायला, पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला. आपण बोट दाखवतो ते फक्त पहिल्याकडे. आणि गाडीभाडे, बुडणारी मजुरी, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असेल की नाही याची धास्ती, हे सगळे त्या ‘ठरवण्यात’ही असतेच. बडोद्याच्या दीपक फाउंडेशनने सरकारबरोबर छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या जबुगामच्या सामूहिक आरोग्य केंद्रात सिझेरियनसह तातडीची प्रसूतिसेवा उभी केली, ती हे ओळखूनच. नुसत्या प्रबोधनापेक्षा मला हे काम मोलाचे वाटते.

गैरसमज : दवाखान्यात बाळंतपण झाले, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : पहिला महिना बाळासाठी सर्वांत धोक्याचा. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजाताची देखभाल शिकवली : वजन, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यामागे हा अनुभव आहे.

गैरसमज : अंगात रक्त कमी? लोहाच्या गोळ्या घ्या, झाले.

वस्तुस्थिती : बहुतेकींना त्या लागतातच. पण आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, म्हणून त्याची तपासणी हवी. आजार निघाला तर लोह द्यायचे की नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतात. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

तुमच्या सोसायटीच्या बांधकामावर मजुरीला आलेली एखादी आदिवासी गरोदर बाई असेल, तर तिला दोन गोष्टी सांगा : सरकारी दवाखान्यात सिझेरियन, औषधे, रक्त आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे, आणि कळा सुरू झाल्या की १०८ला फोन करायचा.