क्वार्कचं वस्तुमान, पण कोणत्या पट्टीवर?

सक्करदरा तलावाचा काठ किती लांब? शंभर मीटरच्या दोरीनं मोजा, एक उत्तर येईल; एक मीटरची काठी घ्या, उत्तर वाढेल, कारण काठी बारीक वळणांतही शिरते. क्वार्कच्या वस्तुमानाचंही असंच आहे. अप क्वार्कसाठी दिला जाणारा सुमारे २.२ एमईव्ही हा आकडा २ जीईव्ही ऊर्जेच्या पट्टीवरचा. पट्टी बदलली की आकडा बदलतो.

हा आकडा काढायचा कसा? क्वार्क प्रबळ बलानं जखडलेला असतो, कधी सुटा सापडत नाही. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी अवकाश-काळाची जाळी कल्पून प्रबळ बलाचे हिशेब मांडायची वाट दाखवली. जाळीच्या दोन बिंदूंतलं अंतर साधारण ०.१ फेमटोमीटर. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये नीलमणी माथुर आणि त्यांचे सहकारी याच पद्धतीनं जड क्वार्कच्या कणांची वस्तुमानं काढतात; चार्म आणि बॉटम क्वार्क एकत्र असलेल्या कणांविषयी त्यांची भाकितं २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

अख्ख्या कणाचं वस्तुमान जाळीवरून थेट मिळतं. खुद्द क्वार्कचं वस्तुमान किंवा न्यूट्रॉनमधल्या क्वार्कवर क्षीण बलाची पकड मात्र तशी मिळत नाही. त्यासाठी वापरलेल्या गणिती साधनाला, म्हणजे क्वार्क-कारकाला, जाळीची छटा लागलेली असते. एका गुणकानं ती काढावी लागते. यालाच पुनर्सामान्यीकरण म्हणतात. विद्युतभाराच्या बाबतीत काम सोपं आहे: साधा कारक घेतला तर जाळीवर प्रोटॉनचा भार नेमका १ येत नाही, तेव्हा तो १ यावा असा गुणक ठरवायचा. इतर कारकांना असा आधार नसतो. १९९५ मध्ये मार्टिनेली आणि सहकाऱ्यांनी त्यावर उपाय सुचवला. ठरावीक संवेगाच्या क्वार्कवर कारकाचा परिणाम संगणकावरच काढायचा आणि तो परस्परक्रिया नसतानाच्या किमतीइतका होईल असा गुणक निवडायचा.

खरी अडचण पुढं आहे. हा संवेग, म्हणजे सुरुवातीची ती पट्टीच, प्रबळ बलाच्या काहीशे एमईव्हीहून बराच मोठा हवा, आणि जाळीच्या मर्यादेहून बराच लहान. ०.१ फेमटोमीटरच्या जाळीला ती मर्यादा २ जीईव्हीच्या आसपास सुरू होते. खिडकी फारच अरुंद! ती रुंदावायला अवकाश-काळाच्या चारही दिशांनी जाळी दुप्पट बारीक केली तर तेवढ्याच पेटीत बिंदू सोळापट होतात.

एवढे कष्ट सार्थकी लागतात. न्यूट्रॉनच्या क्षयातली क्षीण बलाची ती पकड सांगणारा अक्षीय जोड प्रयोगात सुमारे १.२७५ येतो. जाळीवरचे आजचे निकाल त्याच्या काही टक्क्यांच्या आत आहेत, आणि गुणक नेमका काढला नसता तर ही तुलनाच करता आली नसती.