दोन पत्रे आणि मधला गाभा

दापोलीहून हर्णैला गेलात की किनाऱ्यासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्रे यांच्या या किल्ल्यावर जहाजांतून तोफा डागल्या. आत पडलेल्या एका गोळ्याने आग लागली, ती दारूकोठारापर्यंत पोहोचली आणि कोठार उडाले. तट मात्र आजही उभा आहे.

स्फोट म्हणजे दाबाची एक लाटच. ती येते, ढकलते आणि काही मिलिसेकंदांत निघून जाते. तेवढ्या वेळात समोरच्या वस्तूला ती ठराविक संवेग देते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे तुम्ही शिकला आहात. संवेग तोच असेल, तर वस्तुमान दुप्पट केल्यावर वेग निम्मा होतो आणि गतिज ऊर्जाही निम्मी होते. मोडतोड करते ती ही ऊर्जा. दगडी तटाची मोठी ताकद आहे ती त्याच्या वजनात.

पण जहाजाला दगडी तट कसा बांधणार? तेथे वजन वाढवून भागत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ‘सँडविच फलका’कडे लक्ष वळवले. धातूचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी घरांचे जाळे, किंवा पावासारखा सच्छिद्र धातू. हा मधला भाग म्हणजे गाभा. तो मुद्दामच दुबळा ठेवतात.

दुबळा का? माडाकडे पाहा. २० मीटर उंचीवरून पडलेला नारळ सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. जमीन अगदी कठीण माना. सोडण २ सेंटिमीटर दबून नारळ थांबला, तर त्याचे मंदन गुरुत्व त्वरणाच्या १,००० पट भरते. सोललेला नारळ १ मिलिमीटरमध्येच थांबला, तर तेच २०,००० पट! (देवापुढे नारळ वाढवताना आपण तो आधी सोलतो, ते उगाच नाही.) सोडण चिरडते म्हणून करवंटी वाचते.

फलकातही असेच घडते. केंब्रिजचे नॉर्मन फ्लेक आणि विक्रम देशपांडे यांनी २००४ मध्ये या घटनेचे तीन टप्पे मांडले. प्रथम लाटेचा धक्का बसून पुढचा पत्रा वेग घेतो. मग गाभा चिरडत जातो आणि दोन्ही पत्र्यांचा वेग सारखा होतो. शेवटी सगळा फलक वाकतो, ताणला जातो आणि थांबतो.

आता थोडा हिशेब करू. दोन्ही पत्रे सारख्या वजनाचे घ्या, गाभ्याचे वजन सोडून द्या. संवेग कायम राहतो, म्हणून दोन्ही पत्रे एकत्र चालू लागताच वेग निम्मा होतो आणि निम्मी ऊर्जा गाभा चिरडण्यात खर्ची पडते. वा! पण थांबा. पुढचा पत्रा फलकाच्या निम्म्याच वजनाचा, म्हणून त्याला सुरुवातीला मिळालेली ऊर्जाही दुप्पट होती. तेवढ्याच वजनाच्या एका सलग पत्र्याशी तुलना केली, तर हिशेब बरोबरीत सुटतो!

मग फायदा कोठे? वाकण्यात. एका पत्र्याचे दोन अर्धे करून ते असे दूर ठेवा की एकूण जाडी मूळच्या चौपट होईल. वाकण्याला होणारा विरोध सुमारे ३७ पट वाढतो, आणि तोही धातू न वाढवता. म्हणून चिरडल्यावरही गाभ्याने पत्रे एकमेकांपासून दूर धरले पाहिजेत. तो फारच दुबळा असला, तर पुढचा पत्रा मागच्यावर जाऊन आपटतो. फार बळकट असला, तर धक्का जवळजवळ जसाच्या तसा मागे पोहोचतो. खरे कौशल्य या निवडीत आहे.

पाण्यातल्या स्फोटात आणखी एक लाभ होतो. पातळ पुढचा पत्रा चटकन मागे सरतो, त्याच्यावरचा पाण्याचा दाब घसरतो आणि मुळात संवेगच कमी मिळतो. हवेत हा लाभ फारसा मिळत नाही.

घरी करून पाहा. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पट्ट्या कापा; आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्या पट्टीच्या लांबीच्या दिशेने येऊ द्या. एका पट्टीवर लाटणे दाबून फिरवा. दोन्ही पट्ट्या पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पुलासारख्या ठेवा, मधोमध सारखीच नाणी ठेवत जा आणि कोणती किती वाकते ते मोजपट्टीने मोजा.